योनाचा मासा आणि चौथा अध्याय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या पंधरवड्यात बायबलविषयी दोन पत्रं आली. पहिल्या पत्रलेखकांचं म्हणणं असं, की जग सहा दिवसांत झालं आणि माशाने गिळलेला माणूस तीन दिवसांनी धडधाकट बाहेर आला असं सांगणारं पुस्तक मुलांच्या हाती देणं म्हणजे त्यांची बुद्धी मारणं. दुसरं पत्र त्यावर उत्तर म्हणून आलं, ते माझ्याच धर्मातल्या एका बंधूंचं. ते लिहितात की यातली प्रत्येक गोष्ट जशी लिहिली तशीच घडली. ज्याला जलप्रलयात तरलेल्या नोहाच्या तारवाबद्दल, म्हणजे त्या मोठ्या नौकेबद्दल, शंका आहे त्याने स्वतःला ख्रिस्ती म्हणवू नये, आणि शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणात, तर मुळीच शिकवू नये. मी निवृत्त भूगोल शिक्षिका आहे आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. दोन्ही पत्रांना उत्तर देणं मला भाग आहे.

दोघांची मतं एकमेकांच्या उलट असली तरी दोघांनी बायबल एकाच रीतीने वाचलं आहे. घडलं की नाही घडलं, एवढंच दोघांनी विचारलं. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने हो म्हटलं. गोष्ट सांगणाऱ्याला काय सांगायचं होतं, हे विचारायला कोणीच थांबलं नाही.

दोन्ही पत्रांत मासा आहे, म्हणून त्याने ज्याला गिळलं त्या योनाचंच पुस्तक घेते. चार अध्याय, ४८ वचनं. चहा उकळेपर्यंत वाचून होतं. त्यात मासा येतो तो तीन वचनांत. बाकीच्या ४५ वचनांत काय आहे? देव योनाला सांगतो की निनवेला जा आणि त्या नगराला त्याच्या दुष्टाईबद्दल बजाव. निनवे म्हणजे अश्शूरी लोकांचं महानगर. याच अश्शूरींनी इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन ही राजधानी पाडली, इस्राएलाचं उत्तरेकडचं राज्य संपवलं आणि माणसं धरून नेली. ज्यांच्यापुढे ही गोष्ट सांगितली गेली, त्यांना निनवे हे नाव ऐकून काय वाटत असेल! योना जातो तो उलट्या दिशेने, तार्शीशला निघालेल्या जहाजात बसून. वादळ आणि मासा हे सगळं त्याला माघारी फिरवण्यासाठी. शेवटी तो निनवेत पोचतो, एका ओळीचा उपदेश करतो आणि अख्खं नगर पश्चात्ताप करतं. राजा राखेत बसतो.

मग येतो चौथा अध्याय. शत्रू वाचला म्हणून संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप नेणारा योना, संतापतो. तो देवाला तोंडावर सांगतो की तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो. याहून मरण बरं. देव त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक वेल उगवतो आणि दुसऱ्या दिवशी कीड लावून तो वाळवतो. वेलासाठी योना हळहळतो. तेव्हा देव विचारतो : ज्या वेलासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याची तुला कीव येते, मग उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या या नगराची मला कीव येऊ नये? पुस्तक इथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं, ते लिहिलेलं नाही.

ज्यांनी आपलं घर उद्ध्वस्त केलं त्यांच्या लेकराबाळांची आणि गुरांचीसुद्धा कीव करा, असं हे पुस्तक मागतं. ही मागणी पेलणं फार कठीण आहे. तिच्यापासून सुटायचं असेल तर माशाच्या घशाची रुंदी मोजत बसणं सोयीचं. आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एखादा व्हिडिओ फिरतो, अमुक समुद्रात अमुक माणूस देवमाशाच्या पोटातून जिवंत निघाला. त्याखाली ‘आमेन’चा पाऊस पडतो. चौथ्या अध्यायावर कोणी कधी काही लिहिल्याचं मी पाहिलेलं नाही.

कथाकाराने आपण कोणत्या जातीची गोष्ट सांगतो आहोत हे लपवलेलंही नाही. निनवे ओलांडायला तीन दिवस लागत, असं तो म्हणतो. इराकमधल्या मोसुल शहरालगत, तैग्रीस नदीच्या पूर्वेला निनवेचे अवशेष आजही आहेत. एकोणिसाव्या शतकात त्यांचं उत्खनन झालं. तटाचा घेर सुमारे १२ किलोमीटर भरतो, म्हणजे चालणारा माणूस सकाळी निघाला तर दुपारपर्यंत पूर्ण प्रदक्षिणा घालून येईल. गोष्टीत राजाचं नाव नाही. गुरांनाही गोणपाट नेसवलं जातं, त्यांनाही उपास घडतो. योना नावाचा संदेष्टा खरोखर होता, दुसऱ्या राजांच्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. त्या नावाभोवती कोणा प्रतिभावान माणसाने ही कथा रचली, असं मी मानते, आणि देवाने त्या प्रतिभेचा उपयोग करून घेतला असंही मानते. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्याला दारफाळणीचा सण म्हणत त्या दिवशी, सभास्थानात हे पुस्तक वाचतात. वर्षातल्या सर्वांत गंभीर उपासाच्या दिवशी ते का वाचायचं, हे चौथा अध्याय वाचल्यावर कळतं.

आता दुसऱ्या पत्रातला सर्वांत वजनदार मुद्दा. प्रभू येशूने स्वतः योनाचं नाव घेतलं, मग ती कथा कशी असेल? घेतलं, हे खरंच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. पण लुटारूंनी मारलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचीही गोष्ट प्रभूने सांगितली. यरुशलेमेहून यरीहोला जाणाऱ्या त्या वाटसरूचं नाव काय, लुटारू पकडले गेले का, हे आजवर एकाही उपदेशकाने विचारलं नाही. तो दाखला आहे हे आपल्याला ठाऊक असतं, तरी ‘तू जाऊन तसेच कर’ ही आज्ञा आपण खरी मानतो. लोकांच्या ओठांवर असलेली कथा घेऊन प्रभूने त्यांना विचारलं : निनवेच्या परक्यांनी पश्चात्ताप केला, तुम्ही कधी करणार? त्या प्रश्नाचा जोर माशावर टिकून नाही.

खरं तर आपण मराठी माणसांना हे नव्याने शिकायची गरज पडू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली आणि १६१६ साली गोव्यात राचोलला ती छापली गेली; ती क्रिस्तपुराण म्हणूनच ओळखली जाते. पुढे आमच्या नगर जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्यांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. माझ्या लहानपणी खेड्यातल्या मंडळीत पेटी आणि टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तन चालायचं. पूर्वरंगात वचनाचा अर्थ, उत्तररंगात आख्यान. आख्यान रंगलं की बुवा उधळ्या पुत्राच्या बापाला नगरच्या बाजारात हिंडवायचे, त्याच्या वाड्याला ढाळज द्यायचे. बायका डोळे पुसायच्या. ते आख्यान पूर्वरंगातल्या वचनासाठी आहे हे निरक्षर आजीलाही कळत होतं. ही समज आमच्या आज्यांकडे होती. आपण शिकलो-सवरलो आणि ती हरवून बसलो.

आता भूगोलाकडे येते. आमच्या वर्गातल्या दहावीच्या एका मुलाने विचारलं, “टीचर, सोमवारी शाळेत दख्खनचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा लिहायचा आणि रविवारी पृथ्वी सहा हजार वर्षांची म्हणायची का?” हा सहा हजारांचा आकडा त्याने माझ्याकडून नव्हे, मोबाइलवरच्या एका उपदेशातून उचलला होता. आपल्या पायाखालचा हा काळा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांवर दोन काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी तांबडा पट्टा दिसतो. एक थर ओतला गेला, थंड झाला, ऊनपावसाने झिजून त्याच्यावर माती तयार झाली आणि मग पुढचा लाव्हा येऊन ती माती त्याखाली भाजली, त्याची ही खूण. काही ठिकाणी थरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात, म्हणजे मधल्या काळात तिथे तळी होती. एका वर्षाच्या जलप्रलयात हे होत नाही. शाळेत असताना मी मुलांना घेऊन असे पट्टे दाखवत असे. ते दाखवताना मला देव लहान झाल्यासारखा कधीच वाटला नाही.

त्या मुलाला मी सांगितलं, सोमवारीही खरं लिही आणि रविवारीही खरंच बोल. खडकाचं वय खडकाला विचार. मग आम्ही उत्पत्ती या बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाचा पहिला आणि दुसरा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले. पहिल्यात आधी झाडं, मग मासे, पक्षी, जनावरं आणि शेवटी नर व नारी एकत्र. दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडं, मग जनावरं आणि शेवटी स्त्री. पहिल्यात सूर्य चौथ्या दिवशी येतो, पण संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून होते. जलप्रलयाचंही तसंच : एका ठिकाणी प्रत्येक जातीची एक जोडी, पुढच्याच अध्यायात शुद्ध पशूंच्या सात सात. एकीकडे चाळीस दिवस, दुसरीकडे दीडशे. हे कोणत्याही मराठी बायबलमध्ये दिसतं, त्यासाठी धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांनी हे ग्रंथ संकलित केले त्यांना हा फरक दिसला नसेल का? दिसला होता, तरी त्यांनी दोन्ही कथा राखल्या. दोन्हींत त्यांना सत्य दिसलं, आणि ते सत्य दिवसांच्या हिशेबात नव्हतं.

ते सत्य काय होतं हे पहिल्या पत्रलेखकांनी नीट ऐकावं, कारण त्यांना ही बालिश कहाणी वाटते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला आजचं रूप बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात किंवा त्याच्या आसपास आलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. यरुशलेम इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास पडलं होतं, मंदिर जळालं होतं. जिंकणाऱ्यांच्या देशात सूर्य देव होता, चंद्र देव होता. त्यांच्या सृष्टिकथेत मारल्या गेलेल्या एका देवाच्या रक्तातून माणूस घडवला जातो, कशासाठी, तर देवांची वेठबिगारी करण्यासाठी. अशा जागी हे हरलेले लोक म्हणतात की सूर्य आणि चंद्र देव नाहीत, चौथ्या दिवशी लावलेल्या ज्योती आहेत, आणि माणूस वेठीला जन्मलेला नाही, प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे. प्रलयाचंही तेच. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी मातीच्या एका विटेवर बाबेलची प्रलयकथा वाचली. तीत नौका आहे, सोडलेले पक्षी आहेत, डोंगरावर टेकणं आहे. म्हणजे कथेचा सांगाडा त्या सगळ्या प्रदेशाचा. पण तिकडच्या एका जुन्या कथेत माणसांच्या गोंगाटाने देवांची झोपमोड होते म्हणून प्रलय येतो. उत्पत्तीत तो येतो पृथ्वी जुलूमजबरदस्तीने भरली म्हणून. हा बदल ज्याने केला त्याला काय म्हणायचं होतं, ते वाचा.

आणि हे आमच्या घरात फक्त पुस्तकात राहिलेलं नाही. माझे पणजोबा १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत ख्रिस्ती झाले. आमची वस्ती वेशीबाहेरची. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, सावली पडू द्यायची नाही. त्या माणसाला कोणीतरी येऊन पहिल्यांदा वाचून दाखवलं, की देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला. त्यांनी सहा दिवस मोजले असतील असं मला वाटत नाही. त्यांनी दुसरं वाक्य धरलं, आणि घरात आजी सांगायची तसं, त्या वाक्यावर ते ताठ उभे राहिले. ते वाक्य मी अक्षरशः खरं मानते. त्याच्यासाठी मी कोणाशीही भांडेन.

सगळं अक्षरशः घ्यावं हा आग्रह जुना आणि शुद्ध, आणि बाकी सगळी आजची पळवाट, असं दुसऱ्या पत्रात सुचवलं आहे. इतिहास वेगळा आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विद्वान ओरिजेन याने विचारलं होतं, सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला असं कोणता समंजस माणूस मानेल? संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बजावलं, की आकाश आणि पृथ्वी यांविषयी जे अविश्वासी माणसालाही नीट ठाऊक असतं, त्यावर ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या आधारे भलतंच बोलावं ही लज्जास्पद गोष्ट आहे. त्याने नंतर पुनरुत्थानाबद्दल सांगितलं तर लोक का ऐकतील? आम्हा प्रोटेस्टंटांचे जॉन कॅल्विन उत्पत्तीवरच्या १५५४ च्या आपल्या भाष्यात म्हणतात, की शनी चंद्रापेक्षा मोठा आहे हे ज्योतिर्विदांनी सिद्ध केलं आहे. तरी उत्पत्तीचा लेखक मानला गेलेला मोशे चंद्राला मोठी ज्योती म्हणतो, कारण तो साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहितो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचं त्याने दुसरीकडे जावं. हे मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा मुलांचे चेहरे उजळतात.

सहा हजार वर्षांचा आकडा बायबलच्या कुठल्याच वचनात नाही. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळ्यांची वर्षं जुळवून इ.स.पूर्व ४००४ हे साल काढलं. पुढे ते इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं आणि समास हळूहळू लोकांना वचनासारखा वाटू लागला. १९२५ साली अमेरिकेत टेनेसीमध्ये शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दलच्या, डेटनच्या त्या गाजलेल्या खटल्यात बायबलची बाजू मांडणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायनसुद्धा साक्षीत म्हणाले, की सृष्टीचा दिवस चोवीस तासांचाच असावा असं नाही. कॅथलिक भावंडांकडे तर १९४३ च्या पोपच्या पत्रापासून लेखनाचा प्रकार ओळखून वाचा हीच शिकवण आहे. १९९३ साली त्यांच्या बायबलविषयक आयोगाने मूलतत्त्ववादी वाचनाला एक प्रकारची बौद्धिक आत्महत्या म्हटलं. एवढा कडक शब्द मी वापरला नसता, पण मी मुलं गमावलेली पाहिली आहेत. शब्बाथशाळेत पाठांतराची बक्षिसं घेणारी मुलं पुण्याला शिकायला गेली आणि आता नाताळलाही देवळात येत नाहीत. त्यांच्यापैकी एकीने मला सांगितलं, “लहानपणी जे अगदी खरं म्हणून शिकवलं तेच खोटं निघालं, मग बाकीचं कशाला धरून ठेवू?” तिला मासा आणि प्रभूचा वधस्तंभ एकाच दोरीत बांधून दिला होता. एक सुटला तेव्हा दुसराही सुटला.

शिवाय अक्षरशः म्हणणारे सगळं अक्षरशः कुठे घेतात? बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याला परत द्यावी अशी आज्ञा आहे. ती पाळा असा उपदेश मी ऐकलेला नाही. उजवा डोळा पाप करायला लावतो तर उपटून टाक, हे आपण समजून घेतो. मात्र पुरुषाच्या बरगडीतून स्त्री घडवल्याची गोष्ट आली, की बाईने मंडळीत गप्प बसावं याला तिचा आधार अगदी अक्षरशः मिळतो. अमेरिकेत नोहाच्या नातवाला मिळालेल्या शापावर गुलामगिरी उभी केली गेली, तीही अक्षरावर बोट ठेवूनच.

मग पुनरुत्थानही कथाच का, असं दोन्ही बाजूंचे लोक मला विचारतात. नाही. ते घडलं असं मी मानते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला साधारण इ.स. ५५ च्या सुमारास लिहिलं, वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांनी. तो नावं देतो : केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, याकोब. पाचशेंहून अधिक बंधूंना प्रभू दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं म्हणतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, हेही तोच सांगतो. ही साक्षीदाराची भाषा आहे. योनाच्या पुस्तकात असं एकही वाक्य नाही. चार शुभवर्तमानांत कबरेकडे गेलेल्या स्त्रिया किती आणि कोण यात फरक आहे. मी तो मुलांपासून लपवत नाही, कारण खऱ्या साक्षी अशाच येतात. हे मी प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवू शकत नाही, आणि पहिल्या पत्रलेखकांनी ते नाकारलं तर मी त्यांना निर्बुद्ध म्हणणार नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, की पौलाला जिथे नाकारायचं तिथे नाकारा. पण पौल आणि योनाचा कथाकार एकच प्रकारचं काही लिहीत होते असं समजून नको.

दुसऱ्या पत्रलेखक बंधूंनी माझ्यासारख्यांना शब्बाथशाळेतून दूर करावं असं सुचवलं आहे. तो अधिकार आमच्या पाळकसाहेबांचा आणि पंच कमिटीचा आहे. या पत्राची प्रत मी त्यांनाही दिली आहे. पुढच्या महिन्यात आमच्या वर्गात योनाचं पुस्तक सुरू होतं, चार रविवार, चार अध्याय. मंडळी दुसरं काही ठरवत नाही तोवर मी ते शिकवणार आहे. बंधूंना आग्रहाचं निमंत्रण आहे, मुलांच्या बाकावर बसा आणि हवं ते विचारा. फक्त चौथा रविवार चुकवू नका.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
अहिल्यानगर